झीज किती, नुकसान किती?

कंपनीनं चार वर्षांसाठी गाडी दिली होती. मुदत संपली, नोकरदारानं चावी परत केली आणि विषय संपला असं त्याला वाटलं. थोड्या दिवसांनी हिशेबाचा कागद येतो. पुढचा बंपर, दोन टायर, न मिळालेली दुसरी चावी, जादा किलोमीटर, प्रत्येकापुढं एक आकडा. "गाडी वापरायलाच दिली होती ना? मग वापरल्याचे पैसे कसले?" हा त्यावरचा पहिला प्रश्न. लगोलग दुसरा येतो, की हे ठरवलं कोणी?

ठरवणारा माणूस ग्राहकाला बहुधा दिसतच नाही. तो शहराबाहेरच्या एखाद्या यार्डात, हातात टॅब आणि खिशात टॉर्च घेऊन, एका गाडीभोवती पाऊण तास फिरलेला असतो. त्याला कोणी इन्स्पेक्टर म्हणतं, कोणी इव्हॅल्युएटर. यार्डातल्या वॉचमनच्या लेखी तो नुसता "चेकिंगवाला". त्याचं काम दोष काढणं हे आहे, अशी समजूत आहे. खरं काम त्याहून अवघड आहे. सापडलेल्या प्रत्येक दोषावर "हे चार वर्षांत होणारच होतं" किंवा "हे टाळता आलं असतं" यांपैकी एकच शिक्का त्याला मारायचा असतो.

१. गाडी शिक्रापूरच्या वाटेला का लागते?

पुण्याहून नगरकडे निघालं की वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, सणसवाडी आणि मग शिरूर तालुक्यातलं शिक्रापूर. पुण्यापासून अंतर सुमारे ४० किलोमीटर. तळेगाव-चाकणकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ५४८डी इथं नगर रस्त्याला मिळतो. चाकण चौकात कंटेनरच्या मागं अडकून पडल्याचा अनुभव या भागात कोणालाच नवा नाही.

ही कोंडी पाहिली की परतीच्या गाड्यांची यार्डं इथं का, याचं अर्धं उत्तर मिळतं. हा रस्ताच गाड्यांचा आहे. पुढं रांजणगावला टाटा आणि फियाट यांच्या संयुक्त कारखान्यात नेक्सॉन आणि जीप कंपास तयार होतात. चाकणच्या बाजूला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज-बेंझ आहेत. नव्या गाड्या वाहून नेणारे लांबलचक ट्रेलर, पत्रा-काच-टायर यांचे पुरवठादार, रंगकाम करणारी गॅरेजं, हे सगळं या पट्ट्यात आधीपासून आहे. दुसरीकडं खराडी, मगरपट्टा इथली आयटी कार्यालयं तासा-दीड तासावर, अर्थात वाघोलीनं वाट दिली तर. भाडेपट्ट्याच्या गाड्या वापरणारा नोकरदार वर्ग तिथं बसतो. शेकडो गाड्या दारं उघडण्याइतकी जागा सोडून उभ्या करायच्या तर सपाट आणि परवडणारी जमीन लागते, ती शहरात मिळत नाही. म्हणून नगर रस्त्यालगत तारेच्या कुंपणाआड गाड्यांच्या रांगा दिसतात. त्यांतल्या काही बँकांनी ओढून आणलेल्या, काही विम्याच्या, तर काही मुदत संपून परत आलेल्या.

२. भाडं नेमकं कशाचं?

कर्ज काढून घेतलेली गाडी शेवटी आपली होते. भाडेपट्ट्यात, म्हणजे लीजमध्ये, गाडी कंपनीचीच राहते आणि आपण तिच्या किमतीत होणाऱ्या घटीचे पैसे भरतो. एक हिशेब मांडून पाहू.

समजा गाडी १२ लाखांची आहे आणि करार ४८ महिन्यांचा. लीज कंपनी अंदाज करते की चार वर्षांनी ती ४ लाख ८० हजारांना विकली जाईल. या अंदाजाला उर्वरित मूल्य म्हणतात. मधली घट ७ लाख २० हजारांची. ४८ ने भागल्यावर महिन्याला १५ हजार. गाडीत कंपनीचे पैसे अडकून राहतात. सुरुवातीला १२ लाख, शेवटी ४.८ लाख, म्हणजे सरासरी ८.४ लाख. त्यावर दहा टक्क्यांनी वर्षाचे ८४ हजार, महिन्याचे सात हजार. झाले २२ हजार, वर विमा, देखभाल आणि कर.

प्रत्यक्षातलं उदाहरण पुण्याचंच आहे. मारुती सुझुकीनं २०२० मध्ये मायल्स या कंपनीबरोबर पुणे आणि हैदराबादमध्ये 'सबस्क्राइब' योजना आणली, तेव्हा पुण्यात स्विफ्ट एलएक्सआयचा ४८ महिन्यांच्या मुदतीचा हप्ता करासह १७,६०० रुपयांपासून सुरू होत होता.

आता ते ४ लाख ८० हजार पुन्हा पाहा. तो आकडा चार वर्षं आधी, गाडी शोरूममध्ये असताना ठरला. त्यात दोन गोष्टी गृहीत धरल्या होत्या: गाडी ठरावीक किलोमीटर चालेल आणि बऱ्या अवस्थेत परत येईल. ही गृहीतकं खरी ठरली का, हे पाहायलाच यार्डातला माणूस नेमलेला असतो. किलोमीटरचा हिशेब सरळ असतो. करार ८० हजारांचा, मीटर ९२ हजारांवर, करारातला जादा दर समजा किलोमीटरला चार रुपये, तर ४८ हजार. त्यावर कोणी फारसं भांडत नाही. भांडण होतं ते "बऱ्या अवस्थेत" या शब्दांवर.

३. परत येतात त्या कोणत्या गाड्या?

अनेक करारांत मुदतीअखेर तीच गाडी ठरलेल्या किमतीला विकत घेण्याची सोय असते. मग चार वर्षं जपलेली, दर दहा हजारांवर सर्व्हिसिंग केलेली, बाजारात साडेपाच लाखांची ठरणारी गाडी ४.८ लाखांना मिळत असेल तर कोण सोडेल? वापरणारा ती स्वतः घेतो, नाहीतर मेव्हण्याला घ्यायला लावतो. यार्डात ती येतच नाही.

येतात त्या दोन प्रकारच्या. एक, वापरणाऱ्यानं नोकरी बदलली, बदली झाली किंवा मोठी गाडी हवी झाली म्हणून सुटलेल्या. यांत उत्तम गाड्या असतात. दुसऱ्या, ज्यांची बाजारातली किंमत ठरलेल्या आकड्याच्या खाली गेली आहे हे वापरणाऱ्याला पक्कं ठाऊक आहे अशा. ते त्याला ठाऊक आहे, कारण गाडी कुठं ठोकली, कुठल्या पावसात बंद पडली, हे त्यालाच माहीत. म्हणजे परतीच्या गाड्यांची रांग हा सगळ्या लीज गाड्यांचा सरासरी नमुना नव्हे. तो वरची मलई काढून घेतलेला भाग आहे. मुरलेला तपासनीस बोनेट उघडण्याआधी कागदावर एक गोष्ट पाहतो, ती म्हणजे ही गाडी घेण्याचा हक्क असताना का सोडली.

४. पोचा आणि काजळी

लग्नासाठी मंडपवाल्याकडून भांडी आणतात. परत करताना पातेल्याचं बूड काळं झालेलं असतं, त्याबद्दल मंडपवाला काही बोलत नाही. चुलीवर ठेवलं तर काळं होणारच. पण पातेल्याला पोचा आला असेल किंवा झाकण कमी भरलं तर पैसे कापतो. लीजच्या गाडीचा नियम नेमका हाच आहे, फक्त काजळी कुठं संपते आणि पोचा कुठं सुरू होतो हे मिलिमीटरमध्ये लिहावं लागतं.

ब्रिटनमध्ये गाड्या भाड्यानं आणि भाडेपट्ट्यानं देणाऱ्या कंपन्यांच्या संघटनेनं, बीव्हीआरएलएनं, यासाठी चित्रांसह पुस्तिकाच काढली आहे. तिच्या नियमांनुसार खालचा प्रायमर किंवा पत्रा उघडा पडला नसेल तर २५ मिलिमीटरपर्यंतचा ओरखडा चालतो. रंग न फुटलेला १५ मिलिमीटरपर्यंतचा पोचाही चालतो, पण एका भागावर दोनच. छतावर मात्र एकही नाही. अमेरिकेत बरेच तपासनीस क्रेडिट कार्डच वापरतात. ओरखडा कार्डाखाली झाकला गेला तर झीज, बाहेर डोकावला तर नुकसान.

भारतात असा निकष बहुतेकदा ज्या त्या कराराच्या शेवटी जोडलेल्या परिशिष्टात असतो, आणि सही करताना ते पान कोणी वाचत नाही. त्यातली, गाडी देताना तिची अवस्था नोंदवण्याची अट तर त्याहून महत्त्वाची. पहिल्या दिवशी काढलेले फोटो नसतील, तर चार वर्षांनी दारावर दिसलेला पोचा कोणाच्या काळातला हे सिद्ध करायला कोणाकडंच काही नसतं. नव्या गाडीला हा प्रश्न कमी येतो. पण एकाकडून परत आलेली गाडी दुसऱ्याला सबस्क्रिप्शनवर दिली जाते तेव्हा पहिल्याचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर चढू शकतं. निम्मी तपासणी गाडी ताब्यात देतानाच व्हायला हवी असते. ती तिथं झाली नाही की परतीच्या तपासणीचा निम्मा वेळ अंदाज बांधण्यात जातो.

५. गेटवरची वेळ

गाडी यार्डात शिरते तेव्हा पहिली नोंद होते ती तारीख, वेळ आणि मीटरची. हे कारकुनी वाटतं, पण त्यामागं कायदा उभा आहे. 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या खटल्यात मूळ मालकानं २००७ मध्ये गाडी विकली होती. पुढं ती आणखी काही हातांतून गेली, २००९ मध्ये अपघात झाला, पण आरटीओच्या दफ्तरी नाव पहिल्याचंच राहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये निकाल दिला की नोंद ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याची. त्यामुळं गाडी कोणाच्या ताब्यात केव्हा आली याची मिनिटासह पावती सगळ्यांनाच हवी असते. २०२२ च्या डिसेंबरात केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत डीलरकडं गाडी सोपवल्याची सूचना नमुना २९सी भरून ऑनलाइन देता येते, तीही याच गरजेतून.

लीज गाडीत मालकीचा गुंता जरा गमतीचा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) प्रमाणं भाडेपट्ट्यातल्या गाडीचा "मालक" म्हणजे ती ज्याच्या ताब्यात आहे तो. पण आयसीडीएस कंपनीच्या खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की ही व्याख्या त्या कायद्यापुरतीच. प्राप्तिकरातला घसारा मागण्यासाठी मालक लीज कंपनीच. एकाच गाडीला एकाच वेळी दोन मालक, आणि दोघंही कायद्यानं बरोबर.

गेटवर मग मोजदाद होते. चाव्या दोन हव्यात. चिप असलेली चावी नुसती कापून चालत नाही, ती गाडीच्या संगणकाला ओळखायला लावावी लागते. म्हणून एक हरवलेली चावी बंपरच्या ओरखड्याहून महाग पडू शकते. स्टेपनी, जॅक, पाना, आरसी, पीयूसी, विम्याचा कागद. नंबर टाकून थकलेली ई-चलनं. चॅसी नंबरची १७ अक्षरं कागदाशी ताडून. यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. ती दिसली तर नंबरात काहीतरी गडबड आहे. शेवटी टचस्क्रीन. मागच्या माणसाचा फोन, नातेवाइकांचे नंबर, घरचा पत्ता त्यात तसाच असतो. लोक डिकीतली छत्री आठवणीनं काढतात आणि हे विसरतात.

६. मायक्रॉनची भाषा

आता प्रत्यक्ष गाडी. धुतलेली आणि कोरडी असली तरच हात लावायचा. ओल्या पत्र्यावर ओरखडा दिसत नाही आणि नगर रस्त्याच्या धुळीखाली तर काहीच दिसत नाही. भर दुपारचं ऊनही कामाचं नाही, कारण वरून पडणाऱ्या प्रकाशात पोचा सपाट दिसतो. सकाळी तपासनीस गाडीच्या कोपऱ्यावर उकिडवा बसतो आणि दारांवर पडलेलं शेडच्या कडेचं प्रतिबिंब पाहतो. ती रेघ जिथं वाकते तिथं पत्र्याला काहीतरी झालेलं आहे.

मग रंगाची जाडी. मीटर मुठीत मावतो. त्याचं टोक पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये आकडा येतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १५० मायक्रॉनचा असतो आणि महत्त्वाचं म्हणजे गाडीभर बराचसा सारखा. समजा बोनेटवर ११०, उजव्या फेंडरवर १०५, डाव्या दारांवर ११८ आणि डाव्या फेंडरवर २८५ आले. तो फेंडर पुन्हा रंगवलेला आहे. तिथंच ९०० आले असते तर रंगाखाली पुट्टी आहे, म्हणजे पोचा ठोकून काढण्याऐवजी भरून काढला. प्लॅस्टिकच्या बंपरवर साधा मीटर काहीच सांगत नाही. तिथं बोटं आणि डोळे.

आकडा वाढला म्हणजे गाडी बाद, असं समजणारे तपासनीस कच्चे. फेंडर बोल्टवर बसतो. तो काढून नवा लावता येतो आणि गाडीच्या सांगाड्याला काही होत नाही. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडालेला असेल तर पाना लागून गेला एवढंच कळतं. मागचा चाकावरचा पत्रा मात्र वेल्ड केलेला असतो, तो बदलला म्हणजे कापाकापी झाली. त्याहून गंभीर म्हणजे बोनेटखालचे ॲप्रन आणि दारांमधले पिलर. कारखान्यातले स्पॉट वेल्ड एकसारख्या अंतरावर, गोल ठिपक्यांसारखे असतात आणि जोडावरचं सीलंट यंत्रानं ओढलेलं. गॅरेजमध्ये हातानं भरलेलं सीलंट गाठीगाठीचं दिसतं. टॉर्चच्या उजेडात ॲप्रनच्या सांध्यावर अशी एक गाठ दिसली की अहवालाचा सूरच बदलतो. गाडी समोरून जोरात ठोकलेली आहे, मग वरचा रंग कितीही चकचकीत असो.

यात एक कायमचं अवघड प्रकरण आहे. विम्याच्या दाव्यातून, अधिकृत वर्कशॉपमध्ये, नियमानं दुरुस्त केलेला फेंडर नुकसान धरायचा का? वापरणाऱ्यानं सगळं रीतसर केलं. पण पुढचा ग्राहक २८५ चा आकडा पाहून भाव पाडणारच. नीट झालेल्या दुरुस्तीचा दंड आकारू नये, भावातला फरक लीज कंपनीनं सोसावा, हेच न्यायाचं. तो धोका पत्करण्यासाठीच ती भाडं घेते.

७. टायर आणि काच तारखा सांगतात

टायरच्या कडेला चार आकडे छापलेले असतात. २३२२ म्हणजे २०२२ सालचा तेविसावा आठवडा. पाचही टायर एकाच सुमाराचे असतील आणि गाडीच्या जन्माच्या आसपासचे असतील तर ते मूळचे. नव्या टायरच्या खाचा साधारण सात-आठ मिलिमीटर खोल असतात. मोटारीसाठी कायद्याची किमान मर्यादा १.६ मिलिमीटर. खाचेत आडवी उंचवटी असते, टायर तिच्या बरोबरीला आला की तो गोटा झाला. इथंही करार वाचावा लागतो. देखभालीसह घेतलेल्या लीजमध्ये टायर बदलणं कंपनीकडं असेल, तर त्याच गोटा टायरचे पैसे वापरणाऱ्याकडं मागता येत नाहीत. टायर आतल्या कडेलाच घासला असेल तर प्रश्न टायरचा नसून अलाइनमेंटचा, कधी सस्पेन्शनचा असतो.

काचांचंही तसंच. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचं नाव आणि वर्षाची खूण असते. सेकुरिट या ब्रँडच्या काही काचा तर याच चाकणच्या पट्ट्यातल्या. पाच काचा २०२१ च्या आणि डाव्या मागच्या दाराची २०२३ ची निघाली, तर काच का बदलली हे विचारायचं. उत्तर दगड असू शकतं, चोरी असू शकते, धडकही असू शकते. मीटरनं त्याच दारावर ११५ दाखवले तर धडक वगळायला हरकत नाही.

८. मीटर मागं फिरलंय का?

जादा किलोमीटरचे पैसे पडतात म्हटल्यावर मीटर पाडण्याचा मोह होणारच. पूर्वी तारेचं मीटर उलटं फिरवायचे, आता संगणकातला आकडा बदलतात. पण किलोमीटरची साक्ष एका जागी नसते. ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगचं गुळगुळीत झालेलं चामडं, ड्रायव्हर सीटची दबलेली कड, मूळ टायरची उरलेली खोली. मीटर ३८ हजार म्हणतंय आणि मूळ टायर दोन मिलिमीटरवर आलेत, पेडल घासून चमकतंय, तर पुढचा फोन वर्कशॉपला. तिथं शेवटच्या सर्व्हिसिंगला ६१ हजारांची नोंद निघाली की वाद संपतो.

इंजिनाची तब्येत पाहायला स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये स्कॅनर लावतात. बीएस-४ गाड्यांना २०१३ च्या एप्रिलपासून ओबीडी-२ ही स्वनिदानाची यंत्रणा आहे. इंजिनात बिघाड झाला की ती सांकेतिक क्रमांक साठवते आणि पिवळा दिवा लावते. परतीच्या आदल्या दिवशी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याकडून तो क्रमांक पुसून घेणारे शहाणे असतात. दिवा विझतो. पण यंत्रणा आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, क्रमांक पुसल्यापासून गाडी किती किलोमीटर चालली. तो आकडा १४ निघाला, तर कोणीतरी आज-कालच पाटी कोरी केली आहे. शिवाय पुसल्यानंतर यंत्रणेला आपल्या चाचण्या पुन्हा पूर्ण करायला वेळ लागतो, त्या "अपूर्ण" दिसतात. अशी गाडी तपासनीस वीस-तीस किलोमीटर फिरवून पुन्हा स्कॅन करतो. नगर रस्त्यावर तेवढ्यात क्लचचीही परीक्षा होते.

९. पाण्यातून आलेली

२५ जुलै २०२४ च्या पावसात आणि धरणाच्या विसर्गात पुण्याच्या सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पाणी शिरलं, सोसायट्यांच्या पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. दुरुस्तीचा खर्च विम्यातल्या घोषित किमतीच्या ७५ टक्क्यांहून जास्त झाला तर विमा कंपनी गाडी पूर्ण बाद धरते. त्याच्या आतल्या गाड्या दुरुस्त होऊन रस्त्यावर परततात आणि कधी ना कधी कुठल्या तरी यार्डात येतात. सीटबेल्ट पूर्ण ओढून काढायचा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ असते. सीटखालच्या रुळांचे बोल्ट गंजलेले, स्टेपनीच्या खळग्यात बारीक माती. नव्या सीटकव्हरचा आणि अत्तराचा जास्तच वास येत असेल तर आधी हेच पाहतात.

१०. अहवाल लिहिणारा कोणाचा?

विमा दाव्याची पाहणी करणाऱ्या सर्व्हेअरला विमा नियामक आयआरडीएआयचा परवाना लागतो. ५० हजारांच्या वरच्या मोटार दाव्याला असा परवानाधारक सर्व्हेअर लागतोच. परतीच्या लीज गाड्या तपासणाऱ्याला असा कोणताही परवाना लागत नाही. आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम, ऑटोमोबाइलची पदविका, वर्कशॉपमधली काही वर्षं, या वाटेनं मुलं इथं येतात आणि डोळा तयार होतो तो एखाद्या जुन्या डेंटरबरोबर फिरून.

त्याचे पैसे लीज कंपनी देते, ही या कामातली खरी अडचण. नियत चांगली असली तरी शंकेचा फायदा पैसे देणाऱ्याकडं झुकतो. यावर उपाय फार साधे आहेत. तपासणीच्या वेळी वापरणाऱ्यानं हजर राहायचं, प्रत्येक नोंदीला लांबून एक आणि मोजपट्टी ठेवून जवळून एक असे दोन फोटो घ्यायचे, आणि अहवालात दोष लिहिणाऱ्यानं रक्कम लिहायची नाही. दर आधीच ठरलेल्या तक्त्यातून आला की घासाघीस माणसाशी होत नाही. वैयक्तिक ग्राहकाला न पटल्यास जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग मोकळा असतो. पण त्या आयोगासमोरही पहिला प्रश्न फोटोंचाच येईल.

अहवाल पुढं लिलावात जातो. बोली लावणारा डीलर सोलापुरात किंवा नांदेडमध्ये बसलेला असतो, तो गाडीला हात लावत नाही. अहवालात ॲप्रनची गाठ राहून गेली तर गाडी आठवड्यानं परत येते. तो तक्रार करतो लीज कंपनीकडं आणि तिथून चौकशी येते ती थेट सही करणाऱ्यापर्यंत. बोली पक्की झाली की नमुना ३५ भरून आरसीवरची लीजची नोंद उतरते, नमुना २९ आणि ३० वर नाव बदलतं.

११. विजेवरच्या गाड्यांनी क्रम उलटा केला

१५ एप्रिल २०२५ रोजी सेबीनं जेन्सोल इंजिनिअरिंगविरुद्ध अंतरिम आदेश काढला. सुमारे ९७८ कोटींचं कर्ज घेतलं गेलं, त्यातले सुमारे ६६४ कोटी ६,४०० विजेवरच्या गाड्यांसाठी होते, प्रत्यक्षात ४,७०४ च गाड्या खरेदी झाल्या, असं त्यात नमूद होतं. या गाड्या ज्या ब्लूस्मार्ट टॅक्सीसेवेला भाडेपट्ट्यानं दिल्या होत्या ती सेवा लगेचच थांबली. ब्लूस्मार्टकडं इतर लीज कंपन्यांच्याही गाड्या होत्या. त्यांतल्या ओरिक्सच्या अर्जावर दिल्ली उच्च न्यायालयानं त्याच महिन्यात १७५ गाड्यांबाबत संरक्षणाचा आदेश दिला. कोणाचीही मुदत संपलेली नव्हती, तरी उभ्या राहिलेल्या ताफ्याची अवस्था ठरवण्याचा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला.

पेट्रोलची गाडी महिनाभर उभी राहिली तर फार तर जंप स्टार्ट करावी लागते. विजेच्या गाडीतही मोठ्या बॅटरीशिवाय एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असते. ती उतरली की मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही, स्कॅनरही बोलत नाही. गाडीच्या किमतीचा मोठा हिस्सा मोठ्या बॅटरीत असतो, आणि तिची तब्येत डॅशबोर्डवरच्या "इतके किलोमीटर जाईल" या आकड्यावरून ठरत नाही. तो आकडा मागचा ड्रायव्हर कसा चालवत होता त्यावर बदलतो. बॅटरीच्या नियंत्रण यंत्रणेतून तिची उरलेली क्षमता टक्क्यांत वाचावी लागते. तिच्यावर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी बऱ्याच गाड्यांना मिळते, पण ती पुढच्या मालकाकडं जाते का हेही पाहावं लागतं. शिवाय बॅटरी तळाशी असते. गतिरोधकावर घासलेलं तिचं कवच लिफ्टवर गाडी चढवल्याशिवाय दिसत नाही, आणि तो ओरखडा २५ मिलिमीटरच्या कुठल्याच नियमात बसत नाही. म्हणून अशा ताफ्याच्या तपासणीत आधी बारा व्होल्टची बॅटरी, मग चार्जिंग, मग उरलेल्या क्षमतेचा आकडा, मग गाडीचं पोट, आणि पत्रा, रंग, बंपर सगळ्यांत शेवटी.